तिसरा रकाना

वकीलसाहेब जिना चढून आले तेव्हा आजोबा आणि काका यांचं भांडण चालू होतं, आणि ते माझ्यामार्फत चालू होतं.

"तुझ्या काकाला सांग, खुर्ची खिडकीपासून बाजूला घे. उजेड अडतोय."

"काका, खुर्ची बाजूला घे. उजेड अडतोय."

"तुझ्या आजोबांना सांग, उजेड हवा असेल तर बाहेर भरपूर आहे."

"आजोबा, बाहेर..."

"ऐकलं मी."

ऐकलेलं असलं तरी पोचवायचं, असा आमच्याकडचा अकरा महिन्यांचा नियम. काकाला नवीन यंत्र आणायचं होतं, आजोबांना नको होतं, त्यावरून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. तेव्हापासून दोघांमधले निरोप मी नेते, म्हणून माझं नाव टपाल. आधी मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की टपालाला कुठल्याही खोलीत दार न वाजवता जाता येतं आणि कोण कुणावर का फुगलंय ते सगळ्यांत आधी कळतं. आता मी मिरवते ते नाव. एकदाच एक निरोप माझ्या हातून पोचला नाही, पण ते येईलच पुढे.

रविवार होता. कारखाना बंद, पंखे बंद, खालचे हौद झाकलेले. आम्ही पितळी नळांना आणि दारांच्या मुठींना निकेलचा मुलामा देतो. एखाद्या नळात तुम्हाला स्वतःचं नाक भोपळ्याएवढं दिसलं असेल तर तो नळ आमचाही असू शकतो. वरच्या कचेरीत एक टेबल आणि सात खुर्च्या आहेत. त्यांतली एक डुगडुगते आणि ती नेमकी पाहुण्याच्या वाट्याला येते. वकीलसाहेब तिच्यावर बसले, डुगडुगले आणि पिशवीतून कागद काढून त्यांनी आजोबांसमोर ठेवला.

"उद्या दुपारी बारापर्यंत हा खुलाशाचा अर्ज प्रदूषण खात्याच्या खिडकीवर द्यायचा. परवा सुनावणी. अप्पांची एक सही झाली की आपण मोकळे."

बाबांनी कागद उचलून मोठ्याने वाचला. कचेरीतलं सगळं लिखाण बाबांकडे, त्यामुळे कुठलाही कागद आधी त्यांच्या आवाजातून जातो.

"रकाना एक, काय घडलं. मुलाम्यानंतरचं धुण्याचं पाणी स्वच्छ करण्याआधीच मागच्या ओढ्यात गेलं. रकाना दोन, कारण. यांत्रिक बिघाड. रकाना तीन, नुकसान झालेल्यांची नावं आणि अर्जदाराशी संबंध." ते क्षणभर थांबले. "निरंक."

"निरंक म्हणजे?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण उत्तर कोण देतंय ते बघायचं होतं.

"म्हणजे कुणी नाही," बाबा म्हणाले, जरा घाईनेच.

"आणि हे खोटंही नाही," वकीलसाहेब म्हणाले. "बघा, कायदा जुना असता तर आज ही बैठकच नसती. कुणाची विहीर नासली, कुणाचे मासे मेले, तर तो माणूस उभा राहतो, माझं एवढं गेलं म्हणतो, भरपाई मागतो. चार महिने झाले. तुमच्या दाराशी कुणी आलं? त्या ओढ्याचं पाणी कुणी पीत नाही, तिथे कुणी मासे धरत नाही, काठाला कुणाची जमीन नाही. पण आता नवीन कलम आलंय. माणसाचं काही गेलं नसलं तरी ओढ्याचं गेलं असेल, तर ज्याच्या हातून गेलं त्याने तो पूर्वी होता तसा करून द्यायचा."

"मग?" आई म्हणाली.

"मग पूर्वी होता तसा म्हणजे कसा, हे खात्याने दाखवायला हवं. त्यांची ती तपासनीस मुलगी ओढ्यात उतरली, लिहून गेली की पाण्यात काही जिवंत नाही. बरोबर. पण आधी काय होतं? काही होतं का? हे कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच?" आईने एवढंच विचारलं आणि जिन्याकडे बघितलं. आई कमी बोलते, पण कुठे बघायचं ते तिला चांगलं कळतं.

बाबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या दहा मिनिटांत ते वाईट दिसणार आहेत आणि ते वाईट नाहीत. सही झाली नाही तर हौदांची रांग कित्येक महिने बंद राहणार, हे बाबांना त्या खोलीत सगळ्यांत स्पष्ट दिसत होतं. खाली काम करणारी नऊ माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पॉलिशवाल्या मावशी बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. त्यांना "उद्यापासून येऊ नका" हे वाक्य कसं सांगायचं, याची बाबांनी आरशासमोर तालीम केली होती. तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर अडकले, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हणून त्यांना ती सही हवी होती. स्वतःसाठी त्यांनी आजवर नवी चप्पलसुद्धा मागून घेतलेली नाही.

"अप्पा, करा सही," ते म्हणाले. "उगाच फाटे नकोत."

आजोबांनी पेन हातात घेतलं, डाव्या, आणि टोपण काढलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर चुळुक चुळुक असा आवाज आला.

"आली बघा ओढ्याची सासू," काका म्हणाला.

आत्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालूनच वर आली होती. बुटांत पाणी, कोपरापर्यंत चिखल, खांद्याला कापडी पिशवी. आत्या बाबांची आणि काकाची मोठी बहीण. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, लोकांचं रक्त भिंगाखाली बघते आणि कुणाला काय झालंय ते डॉक्टरांच्या आधी ओळखते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मात्र ती कारखान्यामागच्या ओढ्यात उतरते. तिथे तिचे सात ठरलेले दगड आहेत. एकेक दगड उचलायचा, खाली काय आहे ते वहीत टिपायचं, दगड होता तसा परत ठेवायचा. सतरा वर्षं. आजारी असली तरी, लग्नकार्य असलं तरी. ओढ्यात एवढे दोष काढते म्हणून काकाने तिला ती पदवी दिली होती, आणि घरातले आम्ही सगळे हसत होतो, मीही. आता लिहिताना वाटतं की एखादं माणूस सतरा वर्षं आपल्या खिडकीखाली एवढं मोठं काम करत असावं आणि आपण वरून त्याच्या बुटांना हसावं, म्हणजे आपण काय दिवे लावत होतो.

"काय मिळालं आज?" आईने विचारलं.

"सातही दगड कोरे." आत्या खुर्चीत बसली. "वकीलसाहेब, खुर्ची बदलून हवी का?"

"सवय झाली."

"बरं. मी पटकन सांगते, कारण रेंगाळले तर जमणार नाही. खात्यातली ती मुलगी माझ्याकडे प्रयोगशाळेत आली होती. तिला काठावर कुणीतरी सांगितलं की एक बाई दर महिन्याला दगड उलटते. माझ्या वह्या मागते आहे."

बाबांचा चेहरा उतरला. "मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, घरी सांगते आणि देते."

"घरी विचारते नाही. सांगते."

"हो."

"ताई, आपल्याच माणसांच्या विरुद्ध?"

"तुझ्या विरुद्ध मी कधी गेले रे? सहावीत परीक्षेच्या दिवशी कंपास हरवलास तेव्हा माझा कुणी दिला?"

"दिलास आणि आजतागायत ऐकवतेस."

"ऐकवते. पण दिला ना." मग ती हळू बोलायला लागली. "मी कुणाविरुद्ध काही म्हणणार नाही. कुणाच्या हातून झालं ते मला माहीतही नाही. आधी तिथे काय होतं एवढंच मला माहीत आहे, आणि ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. मग मी गप्प कशी बसू?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "वकील म्हणून सांगतो. त्या वह्या तुमच्या खाजगी आहेत. द्यायची सक्ती नाही."

"माहीत आहे सक्ती नाही," आत्या म्हणाली.

बाहेरून ती अशी शांत दिसत होती. पण पिशवीच्या आत ती वह्यांचे कोपरे पुन्हा पुन्हा सरळ करत होती, हे मी तिच्या शेजारी बसल्यामुळे पाहिलं. तिला बाबांची भीती नव्हती, ते रागावले तरी संध्याकाळपर्यंत विरघळतात. तिला धास्ती होती ती आजोबांची. सतरा वर्षांत आजोबांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू तिथे काय करतेस. ते टोमणा मारत नव्हते, पण बघतही नव्हते, आणि दोन्हींत तिला जास्त काय लागत होतं ते मी ओळखते. आपलं काम वडिलांना पोरखेळ वाटतं असं तिने धरूनच ठेवलं होतं.

तिने पिशवीतून वह्या काढल्या नाहीत. काडेपेटी काढली. टेबलावरचा काळा पुठ्ठा ओढून घेतला आणि त्यावर काडेपेटी उलटी केली. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या दहा-बारा नळ्या बाहेर पडल्या. मग तिचं भिंग तिने आजोबांपुढे सरकवलं.

"अप्पा, एकदा बघता?"

"काय आहे?"

"मी याला गवंडी म्हणते. पाण्यातली अळी आहे, पुढे पंख फुटून उडून जाते. अंगाभोवती वाळूच्या कणांचं घर बांधते आणि घर घेऊनच हिंडते. वरच्या पुलापाशी जे आहेत ते नुसत्या वाळूचं बांधतात. आपल्या मागचे बघा."

आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं. आजोबा काहीही बघतात तेव्हा मालाला बघतात तसं बघतात. नळ असो, भाजी असो, माझं प्रगतिपुस्तक असो, आधी उजेडात धरतात, मग फिरवतात, मग उलटं करतात. ती नळी त्यांनी चिमटीत धरली आणि फिरवली, आणि ती चमकली.

"पितळ आहे," ते म्हणाले.

"आपल्या कानशीच्या टेबलावरचा कीस. वाऱ्याने ओढ्यात जातो. ते उचलतात आणि लावतात."

वकीलसाहेब बघायला पुढे वाकले. खुर्चीही त्यांच्याबरोबर वाकली.

"सांधा दिसत नाही," आजोबा म्हणाले. "कशाने जोडतो?"

"तोंडातून धागा काढतो. रेशमासारखा."

"मोठे कण खाली, बारीक वर. तोल राखलाय." त्यांनी दुसरी नळी घेतली. "हा दुसऱ्याच्या हातचा आहे. हा घाई करतो. पण आतून बघ, आतून दोघांचंही गुळगुळीत आहे."

"आत त्याचं अंग असतं ना, अप्पा."

"लोक दिसतं तेवढंच घासतात," आजोबा म्हणाले, आणि हे त्यांनी बहुतेक आम्हाला उद्देशून म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षं ते खालच्या माणसांना हेच सांगत आले आहेत, नळाची आतली बाजूही घासा. मग त्यांनी तिसरी नळी उचलली, तिच्यातून आरपार खिडकीकडे बघितलं. "रिकामी का?"

"सगळ्याच रिकाम्या आहेत. पाणी सुटलं त्यानंतरच्या सोमवारी उचलल्यात."

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. नळ्या एकेक करून, जराही न दाबता, काडेपेटीत परत भरल्या. मग म्हणाले, "वकीलसाहेब, तो कागद द्या."

बाबांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. त्यांना वाटलं सही होतेय.

आजोबांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "यांत्रिक बिघाड कुणी लिहिलं?"

"मी," वकीलसाहेब म्हणाले.

"व्हॉल्व्ह बिघडला नव्हता. मी उघडला."

आता तो व्हॉल्व्ह समजावून सांगायला हवा. आमच्याकडचं धुण्याचं पाणी मागच्या मोठ्या हौदात साठतं. त्यात निकेल उतरलेलं असतं. चुना घालून ते तळाशी बसवायचं, वरचं नितळ पाणी तपासायचं आणि मगच व्हॉल्व्ह उघडून ओढ्यात सोडायचं. जगातल्या व्हॉल्व्हचं चाक उजवीकडे फिरवलं की ते बंद होतं. आमचं डावीकडे फिरवावं लागे. आजोबा डावखुरे, चाळीस वर्षांपूर्वी तो व्हॉल्व्ह त्यांनी स्वतःच बनवला, स्वतःच्या हाताला सोयीचा, उलटे आटे पाडून. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला चालायला लागायच्या आधी माहीत असतं की बंद म्हणजे डावीकडे. मी शाळेतले नळ पहिलीत मोडले ते त्यामुळेच. आणि रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर आजोबा मागे जाऊन त्या चाकाला डावीकडे एक शेवटचा हिसका द्यायचे, आणि मगच दिवस संपायचा.

चार महिन्यांपूर्वी तो व्हॉल्व्ह ठिबकायला लागला. काकाने एका शुक्रवारी, आजोबा घरी गेल्यावर, तो काढून नवा बसवला. नेहमीचा, दुकानातला, उजवीकडे बंद होणारा.

"शनिवारी अंधार पडल्यावर हिसका दिला," आजोबा सांगत होते, "आणि चाक फिरलं. मला वाटलं कुणीतरी उघडं ठेवून गेलंय. मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि अडेपर्यंत फिरवलं. निश्चिंत घरी गेलो. रविवारभर पाणी जात राहिलं. सोमवारी सकाळी चाक पाहिलं, नवं कोरं, तेव्हा कळलं." त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नाही. "चार महिने मी गप्प बसलो. सगळे त्याला बोलत होते, व्हॉल्व्ह नीट बसवला नाही म्हणून. मी ऐकत होतो."

तो म्हणजे काका. काकाला खरंच सगळे बोलले होते. बाबा बोलले, शेजारच्या कारखान्यातले बोलले, जेवताना आई एकदा बोलली. काका नुसता मान खाली घालून जेवत राहायचा. काकाला तुम्ही आतापर्यंत थोडंफार ओळखलं असेल, तर तो गप्प बसला हेच नवल. तो वाहतूक पोलिसाशीसुद्धा हुज्जत घालतो.

"अप्पा, तसं नाही ते," काका म्हणाला. थेट आजोबांना. मी त्याच्याकडे बघितलं, पण त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. "व्हॉल्व्ह मी बदलला. बदलणाऱ्याने सांगायचं असतं. मी नाही सांगितलं. चूक माझी."

"त्याने सांगितलं होतं," मी म्हणाले.

"गप गं, टपाल."

"सांगितलं होतं. मला."

काकाने डोळे मिटले. चार महिने तो हे वाक्य माझ्या तोंडून येऊ नये म्हणून शिव्या खात होता, आणि मी ते बोलून टाकलं.

त्या शुक्रवारी काका ग्रीसने माखलेल्या हातांनी मागच्या दारात उभा होता. म्हणाला, आजोबांना सांग, व्हॉल्व्ह बदललाय, आता उजवीकडे बंद होतो, विसरू नकोस. मी म्हटलं, हो. पण त्या दिवशी मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. आयुष्यात प्रथमच चारशे लोकांसमोर उभी राहिले होते आणि कुठेही अडखळले नव्हते. घरात शिरले ती करंडक डोक्यावर धरूनच. आजोबांनी मला संपूर्ण भाषण पुन्हा करायला लावलं, आणि मी केलं, हातवाऱ्यांसकट, आणि तो एक लहानसा निरोप माझ्या डोक्यातून असा पडला की पडल्याचा आवाजही झाला नाही. सोमवारी मी काकाकडे रडत गेले. तो म्हणाला, "कुणाला बोलायचं नाही. मी थेट जाऊन सांगायला हवं होतं. पोरीच्या हाती निरोप दिला तो माझ्या ताठ्यापायी."

हे सगळं मी त्या टेबलापाशी उभी राहून सांगितलं. दोनदा अडखळले. स्पर्धेत नव्हते अडखळले, पण इथे अडखळले.

मग वकीलसाहेब म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं वकिली करतोय. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे तिघं जण एका चुकीवर हक्क सांगताहेत. मी बचाव करू तरी कुणाचा?"

"मी चहा ठेवते," आई उठत म्हणाली. "येईपर्यंत ठरवा कोण ते."

आत्या हसली, आणि मग काका, आणि मग मला हसतानाच रडू आलं. आजोबांनी मला जवळ ओढून माझं डोकं त्यांच्या खांद्यावर दाबलं, बऱ्यापैकी जोरात. त्यांना लाड करता येत नाहीत, ते कशालाही पकडीत पकडल्यासारखंच पकडतात.

फक्त बाबा हसले नव्हते.

"सगळं खरं सांगितलं," ते म्हणाले, "आणि वह्याही दिल्या. पुढे काय? पूर्ववत करा म्हणतील. गाळ काढा, काठ लावा. मग कुणीतरी येऊन म्हणेल, नाही, अजून झालं नाही. वर्षभराने पुन्हा म्हणेल, अजून नाही. याला शेवट काय? मी खालच्या माणसांना काय सांगू, कधी या?"

त्यांचा प्रश्न खरा होता. वकीलसाहेब खुर्चीत डुगडुगत विचार करत होते.

"आधी काय होतं ते कुणालाच माहीत नसेल," ते शेवटी म्हणाले, "तर शेवट खात्याच्या मनावर. माहीत असेल, तर जेवढं आधी होतं तेवढं पुन्हा दिसलं की काम संपलं. त्याहून जास्त तुमच्याकडून कुणी मागू शकत नाही."

बाबांनी आत्याच्या पिशवीकडे बघितलं. मग हात पुढे केला. आत्याने एक वही दिली, आठव्या वर्षाची, कोपरे भिजून फुगलेली. बाबांनी मधूनच उघडली आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले.

"चौथा दगड. गवंडी एकोणीस. गोगलगायी सहा. चतुराचं पिल्लू एक, रागीट. जळवा दोन, पैकी एक माझ्या पायाला." ते थांबले. "रागीट?"

"बोटाला चावलं."

बाबांनी पान उलटलं. पुढचं पान मनात वाचलं, मग त्याच्या पुढचं. बाबांना कुठलाही कागद मनात वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"प्रत्येक महिन्याचं आहे?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक."

"म्हणजे कुठल्या महिन्यात काय दिसायला हवं तेही कळेल." आता त्यांचा आवाज बदलला होता, तो कामाचा आवाज झाला होता. "पण परत येतील का ते?"

"वरच्या पुलापाशी अजून आहेत. गाळ निघाला आणि पाणी नीट राहिलं तर वाहत खाली येतील, मादी उडत येऊन अंडी घालेल. दोन वर्षं धर. कदाचित तीन."

"तोवर हौदांची रांग बंद राहील," आजोबा म्हणाले. "ते पाणी ओढ्यात जाणारच नाही अशी सोय झाल्याशिवाय चालू करायची नाही. कानस आणि पॉलिश चालू ठेवू, नऊही माणसं त्यात बसतील, जरा दाटीवाटीने. गाळ काढायला मी उतरतो."

"हे गुडघे घेऊन?" काका म्हणाला. "तुम्ही काठावर बसा आणि ओरडा. ते तुम्हाला जमतं."

"तुझं यंत्र पाणी कमी घेतं म्हणत होतास."

"निम्म्याहून कमी. अकरा महिने तेच तर सांगतोय."

"मला कुणी तसं सांगितलं नाही."

"आता सांगतोय ना."

"मग नीट सांग. आकड्यांसकट."

मी दोघांच्या मधोमध तोंड उघडून बसले होते, निरोप पोचवायला तयार, आणि मला कुणी निरोपच देत नव्हतं.

आई चहा घेऊन आली तेव्हा आजोबांनी कपाला हात लावला नाही. "वकीलसाहेब, कोरा फॉर्म मिळेल का?"

वकीलसाहेबांनी पिशवीच्या मागच्या कप्प्यातून एक काढला. "जास्तीचा आणला होता. का आणला ते विचारू नका."

आजोबांनी पेनाचं टोपण काढलं. डावखुरी माणसं लिहिताना हात वरून वळवून घेतात आणि शाई पुसली जाते, म्हणून आजोबा अतिशय सावकाश लिहितात. पहिला रकाना तसाच लिहिला. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं की व्हॉल्व्ह मीच उघडला, बंद करतोय असं समजून. काकाने आपलं नाव घालायचा हट्ट धरला, मी माझं. आजोबा म्हणाले, अर्जदार एक असतो, गप्प बसा.

तिसऱ्या रकान्यात दोन ओळींची जागा होती.

"सांग," ते आत्याला म्हणाले.

आत्याने सगळ्या वह्या टेबलावर काढल्या. ती सांगू लागली, गोगलगायी, चतुर, निवळ्या, शिंपले, पाणविंचू, आणि दोन ओळी कधीच संपल्या असत्या. मी दप्तरातून रेघांचे कागद काढले, परीक्षेत पुरवणी जोडतात तसे दोऱ्याने बांधायला घेतले. वकीलसाहेबांनी दोऱ्याची गाठ मारून दिली. गाठ मारल्यावर त्यांनी आत्याकडे बघून मान लववली, कोर्टात न्यायाधीशांसमोर लववतात तशी.

"थांब," आजोबा म्हणाले. "या सगळ्यांत गवंडी कुठे आला? तो पहिला लिहायचा."

त्यांनी छापील फॉर्मवरच, त्या दोन ओळींपैकी पहिल्या ओळीत, गवंडी असं लिहिलं. शेजारी चौकट होती, अर्जदाराशी संबंध. वकीलसाहेब म्हणाले, ती कोरी सोडली तरी चालेल, माणसांसाठी आहे.

आजोबांनी काडेपेटी उघडून एकवार आत बघितलं. मग हात वरून वळवून, शाई पुसू न देता, त्यांनी त्या चौकटीत लिहिलं:

शेजारी. एकाच धंद्यातले.